पुनरागमनाय च

२०१२च्या दिवाळीनंतर बाबांची अँजिओप्लास्टी झाली. त्याआधी तीन दिवस ते "गॅस झालाय, दुसरं काही नाही" म्हणत ओवा चावत बसले होते. एक स्टेंट बसला, चार दिवस हॉस्पिटलात गेले आणि घरी पाठवताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या: मीठ कमी आणि रोज पाऊण तास चालणं. मिठाचं खातं आईने घेतलं, चालण्याचं माझ्याकडे आलं. सकाळी साडेसहाला स्वेटर, कानटोपी आणि वरच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी अशा थाटात आम्ही दोघं शनिपारावरून मंडईकडे निघायचो.

आयुष्यभर माझ्यापुढे चार पावलं चालणारा हा माणूस आता जपून पाऊल टाकत होता. तोंड मात्र जोरात चालू. समोर दिसणारं पुणं त्यांना दिसतच नसे. "इथे आमचा छत्रीवाला बसायचा." "हा बोळ तेव्हा पलीकडे निघायचा, आता बुजवलाय." "इथे सोड्याची बाटली फोडून मिळायची, गोळीवाली." मोबाइलच्या दुकानाकडे बोट दाखवून ते सोडा सांगायचे आणि मी हं हं करत मोबाइलमधले मेल बघायचे. खरं सांगायचं तर कंटाळा यायचा. रोज तोच रस्ता, रोज तीच न दिसणारी दुकानं. शेवटचा थांबा मंडईजवळचं आर्यन. पुण्यातलं पहिलंवहिलं थिएटर, ते पडलं त्याला किती तरी वर्षं झाली. त्या जागी आता महापालिकेचं वाहनतळ आहे. बाबा त्या वाहनतळापुढे उभे राहून घाम पुसायचे, दोन मिनिटं थांबायचे आणि मग "चला" म्हणायचे.

८ जानेवारी २०१३, मंगळवार. त्या सकाळीही आम्ही आर्यनपर्यंत जाऊन आलो होतो. मग मी आंघोळ, डबा, बस करत चिंचवडला ऑफिसात पोचले. मी तेव्हा मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत जर्मन कागदपत्रांची भाषांतरं करायचे. त्या आठवड्यात क्लचचं मॅन्युअल होतं. साडेदहा-अकराच्या सुमाराला मॅक्समुलर भवनातल्या एका मैत्रिणीचा मेल आला. मजकूर काही नाही, नुसती यूट्यूबची लिंक.

डेव्हिड बोवी.

मी काही त्याची भक्त नव्हते. मला तो जर्मनच्या वर्गात भेटला. बोट क्लब रोडवरच्या मॅक्समुलर भवनात आमच्या बाईंनी एकदा व्याकरण बाजूला ठेवून टेपवर 'हेल्डन' लावलं होतं. बोवीने आपलं 'हीरोज' हे १९७७चं गाणं जर्मनमध्येही गायलं आहे, ते. इंग्रज माणूस, उच्चार जरा इंग्रजी, पण बर्लिनच्या भिंतीशेजारी बसून बर्लिनच्या भाषेत गाणारा. बाईंनी फळ्यावर ओळी लिहून आमच्याकडून क्रियापदं ओळखून घेतली. एवढीच आमची ओळख. त्यानंतर त्याची गाणी मी अधूनमधून ऐकत गेले आणि मग तोच ऐकू येईनासा झाला.

२००४च्या जूनमध्ये तो युरोपच्या दौऱ्यावर होता. प्रागचा कार्यक्रम अर्ध्यावर सोडावा लागला. खांदा दुखतोय, शीर आखडली असेल, असं वाटलं. (गॅस. सगळीकडचे पुरुष सारखेच.) दोन दिवसांनी जर्मनीतल्या एका महोत्सवात गायल्यावर तो कोसळला आणि हॅम्बुर्गला त्याची तातडीने अँजिओप्लास्टी झाली. दौरा संपला. त्याचा शेवटचा अल्बम २००३चा, शेवटचं स्टेजवर गाणं २००६चं. त्यानंतर काही नाही. दौरा नाही, अल्बम नाही, मुलाखत नाही. न्यूयॉर्कमध्ये राहतो, मुलीला वाढवतो, चित्रं बघायला जातो, एवढंच लोकांना माहीत. निवृत्त झाला असं त्याने कधी जाहीर केलं नाही, पण लोकांनी ते धरून टाकलं होतं. काहींनी तर मनातल्या मनात मृत्युलेखही लिहून ठेवले असतील.

आणि त्या दिवशी, त्याच्या ६६व्या वाढदिवशी, कुणाला काही सांगितलेलं नसताना एक गाणं आणि त्याचा व्हिडिओ येऊन पडला. 'व्हेअर आर वुई नाऊ?' आपण आता आहोत कुठे? लंडनला पहाटेचे पाच, इथे सकाळचे साडेदहा, आणि तो होता त्या न्यूयॉर्कला बरोबर मध्यरात्र, म्हणजे वाढदिवस लागता लागता. सोबत एवढीच बातमी की मार्चमध्ये अल्बम येतोय.

मी क्लचचं मॅन्युअल अर्ध्या स्क्रीनवर ठेवलं आणि उरलेल्या अर्ध्यात गाणं लावलं. ऑफिसच्या नेटवर ते थांबत थांबत चालत होतं. त्याने बिघडलं काहीच नाही, कारण गाणंच थांबत थांबत चालणारं आहे.

आपल्याकडे क्रीडा पानावर 'दणक्यात पुनरागमन' असा मथळा असतो ना, तसंच गाण्याच्या धंद्यातही असतं. दहा वर्षांनी परत येणाऱ्या ताऱ्याने आल्या आल्या सिद्ध करायचं की आपण जसेच्या तसे आहोत. पोट आत, केस काळे, मागे वीस पोरं नाचतायत, ठेका छातीवर आदळतोय. इथे सुरुवातीला ठेका कमरेत धरल्यासारखा, पियानो हळू, आणि आवाज पातळ. इतका पातळ की पुढे त्याचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी याला पत्रकारांना सांगत बसावं लागलं, की बाबांनो, त्याची तब्येत ठणठणीत आहे, आवाज त्याने मुद्दाम तसा लावलाय. अल्बममध्ये दणकेबाज गाणी भरपूर होती हे नंतर कळलं. पहिलं म्हणून त्याने निवडलं हे.

गाण्यात काय आहे? पत्ते. मी जर्मनची विद्यार्थिनी म्हणून आधी उच्चार पकडायला बसले आणि लक्षात आलं की हा माणूस रस्त्यांची नावं घेतोय. पोट्सडामर प्लाट्स. न्यूर्नबर्गर श्ट्रासे, तिथला 'जुंगल' नावाचा नाइट क्लब. काडेवे, म्हणजे पश्चिम बर्लिनचं ते अवाढव्य जुनं डिपार्टमेंट स्टोअर, आणि त्याच्या जवळपास काळात हरवलेला एक माणूस. बोवी १९७६ ते १९७८ बर्लिनला राहिला होता. अमेरिकेत कोकेनपायी पार वाया जायची वेळ आली तेव्हा तिथून उठून तो या दोन तुकडे झालेल्या शहरात आला. शोनेबर्ग भागात हाउप्टश्ट्रासे १५५ इथे त्याचं घर होतं, खाली मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. हे वाचलं तेव्हा मला उगाचच आपला माणूस भेटल्यासारखं झालं.

पहिल्याच ओळीत तो सांगतो, पोट्सडामर प्लाट्सहून गाडी पकडायची होती, आणि तुला माहीतच नव्हतं की मला ते जमतं. ऐकताना ही ओळ साधी वाटते. स्टेशनवरून गाडी पकडली, त्यात काय? पण १९६१ साली भिंत उभी राहिली आणि ते स्टेशन बंद झालं. पश्चिम बर्लिनच्या दोन टोकांना जोडणारी गाडी पूर्व बर्लिनच्या पोटातून जायची. मधली स्टेशनं अंधारी, फलाटावर बंदूकधारी पहारेकरी, आणि गाडी वेग कमी करून न थांबता पुढे. जर्मन लोक त्यांना भुताची स्टेशनं म्हणत. पोट्सडामर प्लाट्स पुन्हा उघडलं ते १९९२ साली. म्हणजे बोवी बर्लिनकर होता तेव्हा तिथून गाडी पकडणं अशक्यच होतं. ज्याला हे माहीत आहे त्याला ती ओळ ऐकताना घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. ज्या स्टुडिओत त्याने 'हीरोज' गायलं त्याच्या खिडकीतून भिंत दिसायची, तो स्टुडिओ पोट्सडामर प्लाट्सपासून हाकेच्या अंतरावर, आणि गाडीत मात्र आत्ता बसता येतंय, साठी उलटल्यावर, आठवणीत.

आणि मग ते तीन शब्द येतात ज्यांच्यावर मी व्हिडिओ थांबवला. इंग्रजीत कुत्र्याला फिरवून आणायला जे क्रियापद आहे तेच वापरून तो म्हणतो, मेलेल्यांना फिरवून आणतोय.

सकाळची कानटोपी आठवली. छत्रीवाला, सोडेवाला, बुजलेला बोळ. मी रोज पाऊण तास चार-पाच मेलेल्या माणसांबरोबर चालत होते आणि मला वाटत होतं, आम्ही दोघंच आहोत.

व्हिडिओ टोनी ऑर्सलर या कलाकाराने केलाय. चित्रपटासारखं त्यात काहीच नाही. एका कलावंताच्या स्टुडिओत सामानाचा पसारा पडलाय, बाटल्या, बाहुल्या, काय काय. मध्ये व्यायामशाळेतला घोडा, आणि त्याच्यावर एकाच धडाची दोन डोक्यांची कापडी बाहुली. एका डोक्यावर बोवीचा चेहरा प्रकाशाने पाडलेला, दुसऱ्यावर एका बाईचा. ती ऑर्सलरची चित्रकार बायको, जॅकलिन हम्फ्रीज. ती काहीच बोलत नाही. त्यांच्या मागे पडद्यावर काळंपांढरं बर्लिन सरकत राहतं, त्यात त्याचं जुनं घर आणि खालचं ते दुकानही येतं. गाण्याचे शब्द पडद्यावर उमटत जातात. शेवटाकडे बोवी स्वतः दिसतो, उभा, साध्या टीशर्टमध्ये. टीशर्टवर 'साँग ऑफ नॉर्वे' असं लिहिलेलं. ते एका जहाजाचं नाव आहे आणि एका सिनेमाचंही. साठच्या दशकात त्याची प्रेयसी त्याला सोडून त्याच सिनेमात काम करायला गेली होती. चव्वेचाळीस वर्षांनी, दहा वर्षांच्या मौनानंतर, सगळं जग डोळे लावून बसलेलं असताना हा माणूस छातीवर एवढंच लिहून उभा राहतो. काही बोलत नाही. मला ते फार आवडलं. कपाटातला जुना शर्ट काढून घालावा आणि कुणाला कळलं तर कळलं, इतकंच.

संध्याकाळी घरी बाबांना दाखवलं. बाबांचं इंग्रजी गाण्यांशी वैर. ते चष्मा लावून दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "हे जत्रेतल्या फोटोसारखं आहे."

मला कळेना.

"अगं, जत्रेत नाही का, पत्र्यावर रंगवलेलं विमान असायचं, आणि मान घालायला दोन भोकं. मागून तोंड घालायचं आणि फोटो काढायचा. मी आणि तुझ्या आईने आळंदीला काढलाय. तिचं तोंड असंच होतं या बाईसारखं. आता कशाला, घरी चला, असं."

बोवीवर त्या आठवड्यात ढिगाने लिहून आलं. जर्मन वर्तमानपत्रांनी तर पानंच्या पानं काढली आणि मी त्यातलं बरंच वाचलं. पण त्या बाईच्या चेहऱ्याबद्दल याच्याहून नेमकं मी कुठे वाचलं नाही. ती बाई खरंच तशीच बसली आहे. कुणाच्या तरी आठवणींच्या सहलीला आलेली जोडीदारीण, जिला तिथलं कुणी ओळखीचं नाही. मी मंडईत तशीच दिसत असणार, हातात मोबाइल घेऊन.

हे सगळं गुपित ठेवलं कसं, हाही एक मजेचा भाग आहे. न्यूयॉर्कमधल्या 'मॅजिक शॉप' नावाच्या स्टुडिओत अधूनमधून काम चालू होतं. सगळ्यांकडून वाच्यता न करण्याच्या कागदावर सह्या घेतल्या होत्या. व्हिस्कॉन्टी हेडफोनवर ती अर्धी-मुर्धी गाणी ऐकत रस्त्याने हिंडायचा, समोरून बोवीचा टीशर्ट घातलेली पोरं जायची, आणि तो मनात म्हणायचा, तुम्हाला काय कल्पना मी आत्ता काय ऐकतोय! लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम त्याच मार्चमध्ये बोवीवर भलंमोठं प्रदर्शन उघडणार होतं. म्हणजे तो म्युझियमात जायला तयारच होता. आणि अल्बम आला तोही जुन्याच 'हीरोज'च्या मुखपृष्ठावर मध्ये पांढरा चौकोन चिकटवून. घरात रंगकाम निघालं की भिंतीवरच्या फोटोला वर्तमानपत्र चिकटवतात, अगदी तसा. फोटो आहे तिथेच आहे, फक्त तोंड झाकलंय. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बियॉन्सेनेही काही न सांगता अख्खा अल्बम आणून आदळला आणि मग अचानक येण्याची रीतच पडली. पण तिच्या येण्यात ताकद होती. याच्या येण्यात 'बसू का जरा?' असं काहीतरी होतं.

इंग्लंडमध्ये हे गाणं यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं. १९८६नंतर त्याचं कुठलंच गाणं इतकं वर गेलं नव्हतं. म्हणजे 'जसाच्या तसा' न येऊनही लोकांना तो हवा होता. आमच्याकडे गणपतीच्या उत्तरपूजेत अक्षता टाकताना गुरुजी 'पुनरागमनाय च' म्हणतात. लहानपणी मला तो शब्द म्हणजे मूर्ती नदीतून बाहेर येणार असंच वाटायचं आणि पुढच्या वर्षी नवी मूर्ती बघून मी रडले होते म्हणे, हा तो नाही म्हणून. सोंड दुसऱ्या बाजूला होती. आजी म्हणाली, तोच आहे, माती वेगळी आहे.

गाणं संपत आलं की बर्लिनचं नाव गळून पडतं. ड्रम जरा अंगात आल्यासारखे वाजू लागतात आणि तो मोजदाद करत जातो, ऊन आहे तोवर, पाऊस आहे तोवर, आग आहे तोवर, मी, तू. पण त्याच्याही आधी एक कडवं आहे, जे मला तेव्हा नीट समजलं नव्हतं. त्यात वीस हजार माणसं बोजेब्रुके नावाच्या पुलावरून चालत येतात, बोटांत बोटं अडकवून, न जाणो काही झालंच तर. आपल्याकडे देव पाण्यात घालतात, त्यांच्याकडे बोटं अडकवतात.

त्या पुलावर मी २०१७ साली गेले. कंपनीच्या कामाने बर्लिनला आठ दिवस होते, एक रविवार मोकळा मिळाला. बोवी तेव्हा जाऊन दीड वर्ष झालं होतं. १० जानेवारी २०१६, पुढचा अल्बम आणून दोनच दिवसांनी. जर्मनीच्या परराष्ट्र खात्याने ट्विटरवर त्याचा निरोप घेतला होता, भिंत पाडायला हातभार लावल्याबद्दल आभार मानून. हाउप्टश्ट्रासे १५५वर आता पाटी आहे. तिथे जाऊन फोटो काढायचा असं ठरवून मी निघाले होते, पण पोट्सडामर प्लाट्सच्या स्टेशनात उतरले आणि नकाशा बघताना लक्षात आलं की इथून जी उत्तरेची लोकल सुटते तीच बॉर्नहोल्मर श्ट्रासेला जाते, आणि तो पूल त्या स्टेशनच्या डोक्यावरच आहे. गाण्याची पहिली ओळ आणि शेवटचं कडवं एकाच लोकलच्या मार्गावर. चार वर्षं ऐकत होते आणि हे कळलं नव्हतं. पाटी राहिली.

ब्रांडेनबुर्गर टोर, फ्रीडरिशश्ट्रासे, ओरानियनबुर्गर श्ट्रासे, नॉर्डबानहोफ. एक बाई पोराला केळं भरवत होती. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास, त्यातली निम्मी स्टेशनं एकेकाळची भुतं. नॉर्डबानहोफला तर त्याचं छोटंसं प्रदर्शनच मांडलंय. बॉर्नहोल्मरला जिना चढून वर आलं की लोखंडी कमानींचा पूल, ट्राम, सायकली, वाऱ्याला अडवणारं काही नाही. ९ नोव्हेंबर १९८९च्या रात्री साडेअकराच्या सुमाराला भिंतीतलं इथलं फाटक पहिल्यांदा उघडलं गेलं. हाराल्ड येगर नावाच्या नाक्यावरच्या अधिकाऱ्याला वरून नीट हुकूम येईनात, समोर गर्दी वाढत चाललेली, शेवटी त्याने उघडा म्हणून सांगितलं. जर्मनमध्ये 'बोजे' म्हणजे दुष्ट, रागीट. पुलाचं नाव मात्र नाझींनी मारलेल्या विल्हेल्म बोजे या माणसावरून आहे. जपानी लोकांनी भेट दिलेली चेरीची झाडं आता तिथे लागलीत. मी गेले तेव्हा बहर संपला होता.

आणि एक गोष्ट तिथे उभी असताना टोचली. बोवी त्या रात्री इथे नव्हता. तो शहर सोडून गेल्याला अकरा वर्षं झाली होती. जुंगल, काडेवे, हे त्याचं स्वतःचं. पूल त्याचा नाही. तरी म्हाताऱ्याने फिरायला निघाल्यावर वाटेत तोही घेतला. बाबा नाही का, आर्यनचा पहिला खेळ पाहिल्यासारखा सांगत. ते तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते, ते त्यांच्या आजोबांचं होतं.

मी पुलाचा एक फोटो काढला. लोखंड, आभाळ आणि एक ट्राम, यापलीकडे त्यात काही नाही.

पुण्याला परतल्यावर पहिल्याच रविवारी आई-बाबांकडे गेले. बाबांचं चालणं आता गॅलरीपासून देवघरापर्यंत आलं होतं, पण कानटोपी होती. फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल जवळ धरला, लांब धरला, आणि "बरा आहे पूल, आपल्या लकडी पुलाएवढा असेल" म्हणून परत दिला. मग खिडकीतून खाली रस्त्यावर बघत म्हणाले, "इथे तर जागा दिसत नाही. गाडी कुठे लावलीस?"

"आर्यनला लावलीय."

"आर्यनला?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय लागलंय?"